शाळेतले चौदा दिवस

लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा माझ्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळलं. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण खातं, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. दर सहा महिन्यांनी पुण्याला जाऊन सलाईनमधून औषध घेतलं की ती बरी असायची. मळवली स्टेशनपासून आमच्या गावापर्यंत चालत यायची.

कोरोना आला त्या एप्रिलमध्ये तिच्या औषधाची पाळी होती. दवाखान्यातून फोन आला, वॉर्ड कोरोनाच्या पेशंटना दिलाय. डॉक्टर म्हणाले, "या औषधानं प्रतिकारशक्ती कमी होते. आत्ता थांबू या." आम्ही थांबलो.

त्याच दिवसांत गावानं रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या. टाकणाऱ्यांत मीही होतो. मुंबईहून चालत आलेल्या एका लेकुरवाळ्या बाईला मी तिथून परत फिरवलं. हे बायकोला आजवर सांगितलेलं नाही.

मे महिन्यात तिचा डावा पाय ओढू लागला, मग एका डोळ्यापुढं धुकं आलं. पोलिसांकडून प्रवासाचा पास काढून, गाडी करून पुण्याला नेलं. दवाखान्याच्या आवारात, गाडीत बसल्याजागीच तिला तपासलं. सलाईनमधून स्टेरॉईड द्यायला हवं होतं, पण खाट नव्हती. गोळ्या लिहून दिल्या. "उन्हापासून जपा, उष्णतेनं त्रास वाढतो," एवढं सांगून डॉक्टर आत गेले.

परत आलो तर फांद्यांपलीकडं माझा चुलतभाऊ उभा.

"दवाखान्यातनं आलाय. चौदा दिस शाळंत ऱ्हावा."

"आरं, तिला चालता येत न्हाई."

"म्हंजी तोच रोग आसंल. आमचीबी पोरंबाळं हायेत."

शाळेच्या खोलीवर पत्रा होता. दुपारी तो तापला की तिचे पाय लाकडासारखे व्हायचे. "हे पाय माजं न्हाईत," म्हणायची. मी टॉवेल भिजवून अंगावर टाकायचो, घटकेत सुकायचे. संडास मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला.

नवव्या दिवशी मी हापशावर गेलो असताना ती एकटीच भिंतीला धरून निघाली आणि मैदानात मधोमध पडली. कुंपणाबाहेर दोघं उभे होते. एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. आत कुणी आलं नाही. मी धावलो. तिचं लुगडं ओलं झालं होतं. मी त्या मोबाईलवाल्यावर नाही, तिच्यावर ओरडलो, "दोन मिंटं दम निघत न्हाई तुला?"

ती हातांवर सरकत खोलीकडं निघाली. उचलायला वाकलो तर म्हणाली, "हात लावू नका."

आम्हा दोघांनाही कोरोना झालाच नव्हता. पंधराव्या दिवशी चुलतभाऊ टेंपो घेऊन न्यायला आला. "बरं वाटतंय ना, वैनी?" त्यानं विचारलं.

औषध मिळालं ते दिवाळीनंतर. तोवर ती चाकाच्या खुर्चीत होती.

"एप्रिलात मिळालं आसतं तर?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी फाईलची पानं उलटली. "सांगता येणार नाही. पण पायातलं जे गेलंय, ते आता परत यायचं अवघड आहे."

डोळा बराच सुधारला. पाय नाही. ती माझ्याशी बोलते, एखाद्या गोष्टीवर हसतेसुद्धा. संडासला जायचं झालं की मात्र शेजारच्या मावशींना हाक मारते. मी घरात असलो तरी.