दहाव्याची टोपी

मी आन् बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते गोधडी पिळायचं. ओली गोधडी एकट्याला आवरत न्हाई. दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं. "मी पिळते तिकडंच काय पिळता? म्हातारे झाले, तरी कळंना," असं मला बोलली आन् दुधाचा कॅन घेऊन राजूरच्या रस्त्याला गेली. गोधडी चार दिवस तारेवरच राह्यली.

रस्त्याच्या कडेला उभी असताना एका गुत्तेदाराच्या, म्हंजी ठेकेदाराच्या, पोरानं तिला गाडीखाली घेतलं. जागीच गेली. पोरगं नशेत, गाडीत गांजा.

कोर्टानं त्याला दोन्हीची शिक्षा दिली. तो जामिनावर सुटला आन् त्यानं जालन्याला अपील केलं. त्यात लिहिलंय, वय कोवळं. सव्वीस वर्षांचं कोवळं! त्या वयात मी दोन लेकरांचा बाप होतो. गांजा म्हणे मित्राचा. मित्र कोण, ते मात्र याला आठवत न्हाई.

असल्या अपिलावर मी थुंकलोबी नसतो. पण चूक माझीबी झाली. दहाव्याला हा गुत्तेदार टॉवेल-टोपी घेऊन आल्ता. दुखवट्याचा कपडा आमच्यात कुणी परत करत न्हाई, वैऱ्याचा असला तरी. भावकी म्हणली, "घ्या, दादा." मी मान वाकवली, त्यानं माझ्या डोक्यावर टोपी घातली. त्याच्या माणसानं फोटो काढला.

परवा तोच फोटो अपिलात निघाला. त्याचा वकील जजसाहेबांना म्हणतो, "मयताच्या पतीनं मोठ्या मनानं माफ केलंय. शिक्षा कमी करावी."

मी मागून उठलो. "साहेब, दहाव्याला दारात आलेलं कुत्रंबी आम्ही हाकलत न्हाई. म्हणून ते काय सोयरं होतं का?"

लोक हसले. साहेब हसले न्हाईत. "बाबा, बसा. काय म्हणायचं ते सरकारी वकिलांमार्फत लेखी द्या."

बाहेर गुत्तेदारानं हात जोडले. "काका, पोराचं लग्न जमलंय हो."

"मंग तारीख सुटल्यानंतरची धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून शाळेच्या गुरुजींकडं गेलो. त्यांनी वर लिहिलं, 'नम्र विनंती'. मी म्हणलं, नम्र खोडा. खाली लिहा, टोपी घेतली, माफी दिली न्हाई. सही करायला मला वेळ लागतो, पण पूर्ण नाव लिहिलं. मंग जालन्याची गाडी धरली आन् कागद सरकारी वकिलाच्या हातात दिला.