संतरामची आळवणी

साखऱ्याचे संतराम म्हणजे हळदीतले डॉक्टर, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. गावाला कुणी विचारलंच नव्हतं.

बायको मंजुळाबाईची बोटं सुजली, तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरनं संधिवाताच्या गोळ्या दिल्या आणि खंड पाडू नका म्हणून बजावलं. पुण्याला प्रयोगशाळेत असलेली भाची साधना सुट्टीत आली. तिनं समजावलं, "मामा, पेशीची मरायची वेळ आली की आतली प्रथिनं एकमेकांना धरतात, निरोप पुढं देतात अन् पेशी गुपचूप आटोपते. शेजारणीला पत्ता लागत नाही. पण त्यातलं एखादं प्रथिन अडलं, की पेशी फुटते, आतलं बाहेर सांडतं अन् आजूबाजूला सूज चढते. मामीच्या सांध्यात सुजेचे निरोप थांबतच नाहीत. गोळी त्यांना दाबून ठेवते."

"म्हंजी हळदीतली कंदकूज," संतराम बोलले. "एक कंद फुटला की सारा ढीग नासतो."

"बराबर," साधना म्हणाली, आणि तिथंच घात झाला.

टपरीवर, न्हाव्याकडे, पुसेगावच्या बाजारात संतराम प्रथिनं वाटू लागले. कोण कुणाला धरतं, कोण कुणाला सोडतं! माणसं अर्धा चहा टाकून उठायची. चार महिन्यांत मंजुळाबाईची सूज उतरली आणि यांनी गोळ्या आणणं बंद केलं. कंदकूज थांबली की मुळाशी औषध ओतायचं, म्हणजे आळवणी करायची काय गरज?

"डॉक्टरला इचारा की एकदा," ती म्हणाली.

"त्याला हळदीतलं काय कळतंय?"

दिवाळीनंतर औंढ्याच्या शेतकरी मेळाव्यात भाषण ठोकून, शाल-नारळ मिरवत संतराम घरी आले, तर चूल थंड. मंजुळाबाईनं हात पुढं केले. बोटं पुन्हा टम्म सुजली होती, दोन तर वाकडी झाली होती.

"भाकर थापणं होऊन न्हाई राहिलं. आज तुमी थापा. प्रथिनं सांगत सांगत थापा."

संतरामला शरम वाटली. फार उशिरा वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल, पण ही दोन बोटं आता सरळ होणार नाहीत. परतताना एसटीत शेजारच्या उत्तमरावांनी विचारलं, "काय म्हनले डॉक्टर? काहून झालं असं?"

संतरामनं सवयीनं घसा खाकरला. मंजुळाबाईनं तो वाकडा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. साखरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.