ब्रेकला दोन माणसं लागतात

गाडी बनवायला एक माणूस पुरतो. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण मी ती बनवली आहे. नऱ्ह्यातल्या माझ्या शेडमध्ये, दीड वर्षात, एकट्यानं. चौकोनी पाइपांचा सांगाडा, दोन सीट, दारं नाहीत, छप्पर नाही, इंजिन सीटच्या मागे. इतकी बुटकी, की बसून हात खाली सोडला तर बोटं फरशीला लागतात. तिला नंबर मिळणार नाही, रस्त्यावर न्यायची परवानगी मिळणार नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खडकवासल्याच्या पुढे एका लेआउटमध्ये माझा प्लॉट आहे. तिथे अजून कोणी घर बांधलेलं नाही, पण आतला खासगी रस्ता झाला आहे, सरळ आणि रिकामा. टेम्पोत घालून न्यायची आणि तिथे चालवायची, एवढाच बेत.

अडलं ते ब्रेकपाशी.

ब्रेकच्या नळ्यांत ऑइल भरताना आत हवा राहते. ऑइल दबत नाही, हवा दबते. त्यामुळे हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं आत जातं आणि गाडी थांबत नाही. ती काढायची तर एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं पडून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचं, बुडबुडे बाहेर आले की आवळायचं आणि मग म्हणायचं, "सोड." निपल उघडं असताना पेडल सुटलं, तर बाहेरची हवा परत आत. एकेका चाकाला हे दहा-पंधरा वेळा. गॅरेजवाले याला एअर काढणं म्हणतात. दोन माणसांचं काम आहे, आणि माझ्याकडे दुसरा माणूस उरला नव्हता.

आधी मी काठी लावून बघितली. पेडल आणि सीट यांच्यामध्ये बांबू अडकवायचा, धावत चाकापाशी जायचं, निपल सोडायचं. निपल सोडलं की पेडल आत जातं, बांबू पडतो, हवा आत. तीन दिवस मी बांबू उचलत होतो.

मग धायरीतल्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडं यायचं म्हंजे पेट्रोल माझं, चहा माझा आणि शिव्या तुमच्या. दुसरं कोण हाय का बघा."

मुलगी खराडीला राहते, कंपनीत आहे. तिचं घर आणि माझी शेड एकाच शहरात आहेत, हे नकाशात बघितलं तरच पटतं. तिची आई गेल्यापासून ती महिन्यातून एकदा येते, डबा देते, फ्रिज उघडून बघते आणि जाते. एका शनिवारी तिला सीटवर बसवलं. मी डाव्या मागच्या चाकापाशी आडवा. चार वेळा झकास झालं. पाचव्या वेळी वरून आवाज आला, "यस, यस, आय अ‍ॅम हिअर," आणि पेडल वर आलं.

"पाय का काढलास?"

"बाबा, एक मिनिट, कॉल आहे."

"इथे हवा गेली आत."

"मी म्यूटवर नाहीये, बाबा."

मी त्यानंतर जे बोललो ते तिच्या कॉलवरच्या सगळ्यांनी ऐकलं. ती गाडीतून उतरली, कपडे झटकले, डबा टेबलावर ठेवला आणि गेली. पुढचा महिना कोरडा गेला.

राहिला एकच माणूस. त्याच्याशी मी सात वर्षं बोललो नव्हतो.

शेड मुळात आमच्या दोघांची. मी यवतमाळकडचा, आयटीआय करून पुण्यात आलेला; तो नारायण पेठेत जन्मलेला, तिथेच राहणारा. एकाच कारखान्यात फिटर होतो, एकाच वर्षी नोकरी सोडली. गिऱ्हाइकाशी बोलणं, भाव पाडणं, माल उचलणं माझ्याकडे, ड्रॉइंग आणि मापं त्याच्याकडे, वेल्डिंग दोघांचं. शेडमध्ये पहिलं मशीन यायच्या आधी, फरशी रिकामी होती तेव्हा, त्यानं खडूनं तिच्यावर एक गाडी आखली होती. खऱ्या मापाची, दोन सीटची. आम्ही दोघं त्या रेघांच्या आत मांडी घालून बसलो आणि वडापाव खाल्ला. "जरा धंदा बसू दे, मग करू," मी म्हणालो. धंदा बसला, आणि गाडीच्या जागेवर ड्रिल मशीन आलं.

मग ती ट्रॉली. एका कारखान्याला सामान ओढायची ट्रॉली करून दिली होती. तिचा हूक वेल्डमध्ये तुटला. कोणाला लागलं नाही, पण माल सांडला. त्यांचा मॅनेजर चार माणसं घेऊन शेडवर आला आणि विचारलं, वेल्ड कोणाची? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "माझी नाही."

शेडमध्ये वेल्ड करणारे आम्ही दोघंच. पुढचं वाक्य कोणी बोलायची गरज नव्हती.

ते लोक गेल्यावर मी त्याला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो, की मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस, चारचौघांत कशाला? वेल्डवरची खपली काढायची त्याची छोटी हातोडी त्यानं खिळ्यावरून काढली, पिशवीत टाकली आणि निघाला. सात वर्षं मी हेच सगळ्यांना सांगत आलो. बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, ऐकायला कोणी नसेल तेव्हा स्वतःला सांगितलं. चारचौघांत.

बायको गेल्यानंतरच्या वर्षी मी गाडीला हात घातला. मोडीत निघायच्या बेतातली एक जुनी छोटी गाडी कोथरूडच्या एका निवृत्त बँकवाल्याकडे होती. तो म्हणाला, "फक्त देवळात जायची."

"देव कोकणात होता काय? खालचा पत्रा खाऱ्या हवेनं खाल्लाय," मी म्हणालो. अर्ध्या भावात आणली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं मागे बसवली, बाकीचा पत्रा भंगारवाल्याकडे तोलून दिला. इंजिन तेवढंच, ओझं दोनतृतीयांश. म्हणून अशी गाडी पळते. ड्रिल मशीन बाजूला सरकवून मी त्याच जागेवर सांगाडा उभा केला. खडू तर केव्हाच पुसला गेला होता. मापं पाठ होती.

मेकॅनिक नाही, मुलगी नाही, बांबू नाही, तेव्हा मी त्याला मेसेज केला: "ब्रेकची एअर काढायची आहे."

उत्तर आलं: "कशाच्या?"

मी फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही नाही. मग: "रविवारी दहा ते बारा. चहा घरून पिऊन येईन."

तो दहाला आला. केस पूर्ण पांढरे, चष्मा नवा, पिशवी तीच. नमस्कार-चमत्कार काही नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून. मला वाटलं, खडूच्या गाडीबद्दल काही बोलेल. तो म्हणाला, "बस. मी खाली असतो."

मग दीड तास आमच्यात तीनच शब्द होते. तो "दाब" म्हणायचा, मी दाबायचो आणि म्हणायचो, "धरलंय." मग खालून "सोड." दाब, धरलंय, सोड. पेडलपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, मग त्याहून जवळचं. एकदाही पाय सुटला नाही, एकदाही निपल उशिरा आवळलं गेलं नाही. प्रत्येक चाकानंतर पेडल पायाखाली घट्ट होत होतं. त्या दीड तासात शेडमध्ये रेडिओ लावायची आठवण मला झाली नाही, एवढंच सांगतो.

तीन चाकं झाली. उठता उठता त्याचं लक्ष सीटकडे गेलं.

"डावी सीट चार इंच मागे का?"

तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. मी म्हणालो, "मापात चुकलं."

"मापात तू चुकत नाहीस," तो म्हणाला. "वेल्डमध्ये चुकतोस."

हसत म्हणाला असावा. मी तोंड बघितलं नाही. तो चौथ्या चाकापाशी, म्हणजे माझ्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी, खाली गेला आणि बराच वेळ "दाब" ऐकू आलं नाही. मग पिशवीतली हातोडी काढल्याचा आवाज. टक. टक.

"ह्या ब्रॅकेटची वेल्ड वरवर बसलीय. पाइपाला धरलंय, पट्टीला धरलेलं नाही. दिसायला छान आहे."

"तुला आत जाऊन दिसलं?"

"आवाज बघ." टक. "चाकाचा सगळा भार इथे येणार. ही काढ आणि परत कर."

"एअर काढायला बोलावलं होतं. तपासणीला नाही."

"मग ब्रेक कशाला हवेत? चाकच निघालं की गाडी आपोआप थांबेल."

मी गाडीतून बाहेर आलो. आवाज माझा चढला होता. तो चाकापाशी बसूनच, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाला, "आज चारचौघं नाहीत. दोघंच आहोत. बाजूला घेऊन सांगतोय. चालेल?"

चाललं नाही. मी सात वर्षांचं सगळं ओकलो, वर आणखी थोडं नवीन. शेजारच्या शेडमधल्यानं लेथ बंद केला, इतक्या मोठ्यानं. त्यानं हात पुसले, फडकं घडी करून सीटवर ठेवलं, हातोडी पिशवीत टाकली. बाराला दहा कमी होते.

दुपारी मी ग्राइंडर घेतला. त्याला खोटं पाडायचं, तेवढ्यासाठीच. वेल्ड अर्धी घासली आणि पट्टीच्या बाजूला केसासारखी काळी रेघ दिसली. हातोडीचा एक घाव घातला. ब्रॅकेट खाली पडला.

यात काही गूढ नाही. आम्ही पोट भरलं ते गेट आणि ग्रिलवर. ग्रिलचा पाइप पातळ असतो, करंट जास्त झाला तर भोक पडतं, म्हणून कमी ठेवायचा आणि खवल्यासारखी सुबक रेघ ओढायची. गिऱ्हाईक रेघ बघतं आणि पैसे देतं. पण जाड पट्टी पातळ पाइपाला जोडायची तर करंट वाढवून उष्णता पट्टीवर ठेवावी लागते. तो तसंच करायचा. त्याच्या वेल्ड ओबडधोबड दिसायच्या आणि मी गिऱ्हाइकासमोर त्यांना हसायचो. माझा हात सुबक. ट्रॉलीचा हूकही जाड पट्टीचाच होता.

मी करंट वाढवला आणि ब्रॅकेट परत केला. मग सांगाड्यावरच्या बाकी सगळ्या जाड पट्ट्या एकेक करून ठोकून बघितल्या. आणखी दोन निघाल्या.

गुरुवारी सकाळी नारायण पेठेत गेलो. जिन्यात पाठ केलं होतं. ती वेल्ड माझी होती, एवढं बोलायचं आणि उतरायचं. भाव करायचा नाही, कारणं द्यायची नाहीत. दार वहिनींनी उघडलं.

"भाऊजी. चपला बाहेर काढा. भांडण आणलं असेल तर आत आणलंत तरी चालेल."

"आहे का तो?"

"बेंगळुरूला गेले काल. सुनेचं बाळंतपण आहे. मी पुढच्या आठवड्यात जाते. दिवाळीपर्यंत तिकडेच." मग आत जाऊन त्यांनी कागदी पिशवी आणली. "तुम्ही आलात तर दे म्हणाले. नाही आलात तर माळ्यावर टाक म्हणाले."

मी चहा नको म्हणालो. त्यांनीही आग्रह केला नाही. "काही निरोप आहे का?" एवढं विचारलं. निरोप होता, पण तो त्यांच्या हातात देण्यासारखा नव्हता.

पिशवीत कोल्ड्रिंकची रिकामी बाटली होती. झाकणाला दोन भोकं, एकातून पारदर्शक नळी, नळीच्या मध्ये माशांच्या टाकीला लावतात तो छोटा व्हॉल्व्ह. हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा. हे लावलं की पेडल सुटलं तरी हवा परत आत जात नाही. बाटलीवर कागद चिकटवला होता, त्याच्या ड्रॉइंगच्या अक्षरात:

"एकट्याने करता येते. आधी बाटलीत थोडे ऑइल घालणे. नळीचे टोक बुडालेले असावे."

शेडवर येऊन मी बाटली चौथ्या चाकापाशी ठेवली आणि स्टुलावर बसलो. पंधरा मिनिटांचं काम. दुपारपर्यंत लेआउटच्या रस्त्यावर पोचलो असतो. आयुष्यभर मी समोरच्याकडून हवं ते काढून घेतलं, आणि बदल्यात कमीत कमी दिलं. हे तर काहीच न देता हातात आलं होतं.

मग उठलो, बाटली त्याच्या हातोडीच्या खिळ्याला दोरीनं टांगली आणि त्याला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"बोल," तो म्हणाला.

"बाटली गळतीय."

"माझी बाटली गळत नाही."

"गळतीय म्हणतो ना."

मागचा भांड्यांचा आवाज थांबला. फोन ठेवला असं वाटून मी स्क्रीन बघितली. चालू होता.

"ती वेल्ड माझी होती," मी म्हणालो.

"कुठली?"

"दोन्ही."

तिकडे कोणीतरी त्याला हाक मारली. "आलो," तो त्यांना म्हणाला. मग मला, "दिवाळीनंतर बघू. तोवर गाडी हलवू नकोस."

हलवली नाही. गाडीवर ताडपत्री आहे. संध्याकाळी शेड बंद करायच्या आधी मी ती अर्धी दुमडतो, उजव्या सीटवर बसतो आणि पेडल दाबतो. तीन चाकांचं घट्टपण पायाला कळतं. त्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, अंगठ्याएवढं मऊ जातं. तेवढी हवा अजून आत आहे. मी थोडा वेळ धरून ठेवतो, मग सोडतो.