कावळ्यानं न शिवलेली भाजी

बायको वारली आन माझं वजन वाढलं.

लोकांची दुःखानं हाडं वर येतात, माझं पोट वर आलं! घरात बसवत न्हाई म्हणून रोज पाथरीच्या स्टँडवर जायचं, कॅरीबॅगमधली गरम भजी खायची, प्लास्टिकच्या कपातला चहा प्यायचा, आन गावात येऊन सांगायचं, "अन्न गोड लागंना." वरीस व्हायच्या आत सदऱ्याच्या गुंड्या काजाला भेटंनात.

एक दिवस सून (शिकलेली हाय, मला मामा म्हणते) मोबाईल घेऊन पुढ्यात बसली.

"मामा, गरम खाणं प्लास्टिकात ठेवलं की त्यातलं रसायन अन्नात उतरतंय. फवारलेल्या भाजीतूनबी पोटात जातंय. त्यानं माणूस फुगतंय म्हणायलेत."

"मी भज्यानं फुगलोय."

"ते तर दिसायलंच की!"

झालं! प्लास्टिकचे डबे गोठ्यात गेले. हुकूम सुटला: आपल्या शिवारात, ज्या त्या हंगामात येईल तेच खायचं, तेबी बिनफवारणीचं.

श्रावणात बायकोचं वर्षश्राद्ध आलं. तिला तांदुळजाची भाजी लय आवडायची. मी छाती काढून सांगितलं, "भाजी मी आणतो. औषधाचा थेंब लागलेला न्हाई, अशी!" तिच्या पानात माझ्या हातची भाजी पडावी आन तिनं ती गोड मानावी, एवढंच मनात होतं.

आमच्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हंजी बांधावरची भाजी शेरडानं खाल्लेली. शेजारच्या मुंजाजीच्या धुऱ्यावर मात्र हिरवीगार! मी धोतराचा सोगा भरून आणली.

सूनबाईनं भाजी-भाकर केली, अंगणाच्या भिंतीवर घास ठेवला. आता कावळा शिवल्याबिगर घरात कुणी जेवायचं न्हाई.

कावळा आला. बसला. मान वाकडी करून भाजीकडं बघितलं. आन चार हात लांब सरकून बसला!

"तिचं मन कशात तरी अडकलंय," माझी थोरली बहीण सखूआक्का म्हणाली. "गप काय बसलास? शब्द दे तिला!"

मी हात जोडले. "तुझी शेरडं इकणार न्हाई गं." कावळा ढिम्म.

"परभणीच्या लेकीकडं जाऊन राहतो चार दिस." ढिम्म!

"मोठं बोल की!" आक्का खेकसली. "तंबाखू सोड!"

"ती काय तंबाखूसाठी अडून बसलीय?"

"मग कशासाठी बसलीय? सारा जलम तेच सांगत गेली बिचारी!"

भुकेनं जीव चाललेला. (माझा. कावळा निवांत होता.) शेवटी तंबाखूची डबी उकिरड्यावर फेकली. डोळ्याला पाणी आलं, निम्मं तिच्यासाठी, निम्मं डबीसाठी. "सोडली! रोज चालून पोटबी कमी करतो. पर माझ्यावर रुसून जाऊ नको गं, घास घे!"

कावळ्यानं चोच भिंतीला पुसली.

तेवढ्यात मुंजाजी आला. "दादा, सकाळी माझ्या धुऱ्यावर वाकून काय करायलते?"

"भाजी खुडायलतो."

"खाल्ली काय?" त्याचं तोंडच उतरलं. "आवं, काल सांजच्याला तिथं तणनाशक मारलंय म्या!"

सूनबाईनं भाजीचं पातेलं उचललं, भिंतीवरचा घास उचलला आन सगळं नेऊन खड्ड्यात पुरलं. "मामींनी वाचवलं आपल्याला," म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला.

"थेंब लागलेला न्हाई म्हणं!" आक्का माझ्याकडं बघून म्हणाली. "आरं, घरादाराला तिच्यामागं धाडायलतास!"

मग सूनबाईनं घरच्या डाळीचं पिठलं केलं. घास ठेवून हात मागं घ्यायच्या आत कावळा तुटून पडला!

माझ्या जीवात जीव आला. "म्हणजे ती तंबाखूसाठी अडलीच न्हवती! शब्द रद्द!" म्हणत मी उकिरड्याकडं निघालो.

आक्का आडवी आली. "गेलेल्या माणसाला दिलेला शब्द वापस घेतोस? लाज वाटती का काही?"

तवापासून तंबाखू बंद, भजी बंद, आन रोज पहाटं मारुतीच्या देवळापर्यंत चालणं चालू. जितेपणी तोंड दुखेस्तोवर बोलून जे तिला जमलं न्हाई, ते मेल्यावर एक शब्द न बोलता करून घेतलं. आन मी येडा समजत होतो, आता घरात मला रागवणारं कुणी राहिलं न्हाई!