उरणच्या किनाऱ्यावर अनवाणी धावले त्याची गोष्ट

डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, नुसतं चालून भागायचं नाही, थोडं धावा. म्हणून नेरूळला आमच्या सोसायटीच्या बागेत दोन दिवस ओढणी कमरेला बांधून धावले. तिसऱ्या दिवशी वरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाल्या, "काकू, बस सुटली का?" झालं! पायच उचलेनात. शाळा सुटल्यापासून मी कधी धावलेच नव्हते. आता पन्नाशी उलटल्यावर न थांबता धावणं जमतं का, एवढं मला एकदा बघायचं होतं. पण ओळखीच्या डोळ्यांसमोर नको.

माझ्या नणंदेने, शोभावन्संनी, उरण सुचवलं. तिथे समुद्राच्या कडेने छान फरसबंदी वाट आहे. अडचण एकच, नवरात्र चालू होतं आणि त्या नऊ दिवसांत मी पायात काही घालत नाही.

"अनवाणी धावणार वहिनी?"

"देवीच्या दिवसांत सुरुवात केली की ती सांभाळते," मी म्हटलं.

जाणार असाल तर पहिली बस धरा. न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनरचे ट्रेलर लागतात, उशीर झाला की बस त्यांच्यामागे गोगलगाय होते. खायला घरून न्या. आम्ही केळी आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते, उपासालाही चालतात आणि पैसेही वाचतात. त्या दिवशीचा रंग पिवळा, म्हणून दोघी पिवळ्याधमक. कंडक्टर म्हणाला, "दोन झेंडू, उरण?" वन्सं इतक्या हसल्या की तिकीट हातातून पडलं.

उन्हं कोवळी होती तेव्हाच धावायला हवं होतं. पण उरणला देवीचं देऊळ आहे, तिच्या गावात येऊन आधी दर्शन नाही, असं कसं चालेल? ओटी भरायची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन चांगलंच चढलं होतं. तुम्ही ही चूक करू नका. देवीला लवकर उठून गाठा, नाहीतर धावून झाल्यावर.

एका टोकाला उभी राहिले, हात जोडले आणि निघाले. सुरुवातीला झाडांची सावली होती. वारा पाठीवर. पाय आपोआप पडत होते, मला हसूच यायला लागलं. अर्ध्यावर सावली संपली. फरशी अशी तापलेली, जणू तव्यावर पाय ठेवला. मी उड्या मारायला लागले.

वन्सं मागून भरभर चालत येत होत्या. "वहिनी, थांबा! पिशवीत चप्पल आहे, घाला. देवी नाही रागवायची!"

खरंच नसती रागावली. पण थांबले असते तर पुन्हा धावले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि चप्पल घातली असती तर व्रत मोडलं असतं. डोळ्यांत पाणी आलं.

कठड्याला लागून शहाळी विकणारी एक गावातली बाई बसली होती. "चप्पल कुठं गेली गो तुजी?"

मी धापा टाकत तशीच उड्या मारत होते. वन्संच ओरडल्या, "नवरात्र आहे ना, अनवाणी आहेत त्या!"

"मंग थांबू नको बाय!" जागा धुवायला भरून ठेवलेली समुद्राच्या पाण्याची बादली तिने माझ्यापुढे ओतली आणि पुढच्या बाईला हाळी दिली, "गो सुनंदे, पिवली बाय येते, पानी वत!"

सुनंदाने ओतलं. तिच्या पुढच्या रताळीवालीने ओतलं. कणीसवाली तर बादली घेऊन माझ्या बाजूने चार पावलं धावलीसुद्धा. "पल गो पल, पोलीस लागलाय मागं!" सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. चपचप, चपचप करत मी दुसऱ्या टोकाला पोचले आणि तिथल्या बाकावर धपकन बसले.

श्वास परत आल्यावर शहाळंवालीकडे गेलो. पैसे घेईना. म्हणाली, "आमचेपन नव दिस हायत. देवीची बाय धावली, पैसं कसं घेऊ?" मी आग्रहाने दिले. तिथे गेलात तर शहाळं जरूर घ्या, आमच्या स्टेशनबाहेर मिळतं त्यापेक्षा स्वस्त आणि मलईदार.

दुपारी घरी आले. तळव्यांना खोबरेल लावत बसले होते. पाय हुळहुळत होते, पण मन असं हलकं की काय सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बागेतच तीन फेऱ्या धावले. गॅलरीकडे बघायचं लक्षातच आलं नाही.

पण त्या दुपारी ह्यांनी विचारलं, "मग, समुद्र कसा होता?"

मी दुसऱ्या तळव्याला तेल लावायला घेतलं. इतकं धावले, पण समुद्राकडे मान वळवून एकदाही पाहिलं नव्हतं.

"गार होता," म्हटलं.