देवाचा वाटा

उमाबाई चीक विकत नसत. दूध विकत, दही विकत. त्यांचं तूप तर अहमदपूरच्या बाजारात त्यांच्या नावावर खपे. पण म्हैस व्याल्यावर पहिले काही दिवस जे दाट पिवळं दूध येतं, ते गल्लीचं. "रेडकाच्या तोंडचं हाय ते," त्या म्हणत. "त्याचे पैशे घेतले तर हात झडतील." मग चीक घरोघर जाई आणि सगळ्या गल्लीत खरवसाचा वास सुटे.

माझी त्यांची ओळख मंजुश्रीमुळे. मंजुश्री माझी लातूरच्या कॉलेजातली मैत्रीण. उमाबाईंच्या श्रीशैलशी लग्न होऊन ती अहमदपूरला गेली. मी सुट्टीत तिच्याकडे जाऊन राहायची. ती त्यांना आत्या म्हणे, मी मावशी.

उमाबाई मूळच्या मुरुडच्या. नवरा, गुरुपादप्पा, भुसाराचं दुकान चालवायचे. श्रीशैल शाळेत असताना ते गेले. दुकान गेलं, म्हशी राहिल्या. म्हशींनी श्रीशैलला वाढवलं. उमाबाई हे असंच सांगत, स्वतःचं नाव मध्ये न आणता.

धार काढायला त्यांना सासूनं शिकवलं. नागम्मा तिचं नाव. धारेबरोबर एक नेमही दिला. पहिला चीक देवाचा. तो काशाच्या वाटीत काढायचा, गूळ घालायचा आणि महादेवापुढं ठेवायचा. त्याला विस्तव दाखवायचा नाही. दाखवला तर म्हशीची कास जळते, दूध आटतं. दिवस मावळला की त्याचा प्रसाद. घरात कुणी पोटुशी असेल तर पहिला घोट तिला, तळहातावर.

घर म्हशीवर चाललेलं. कास जळण्याचा अर्थ उमाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मंजुश्रीला दिवस गेले. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, कच्च्या दुधाचं काही खायचं नाही. पनीर, चीज, खरवस, काहीही असो. आतपर्यंत उकळी फुटेल इतकं भाजायचं आणि गरम असतानाच खायचं. मंजुश्री वाढदिवसाचे केक करून द्यायची, त्यामुळे घरात ओव्हन होता. भुरी म्हैस व्याली तेव्हा तिनं आपल्या वाटणीचा खरवस ओव्हनमध्ये लावला. मी त्या दिवशी तिथंच होते.

"चिकाला पेटीत कोंडून राहिलीस का गं?" उमाबाईंनी विचारलं.

"आत्या, मधोमध उकळी यायला पाहिजे. डॉक्टरनं सांगितलंय."

"भुरीला सांगू नको. लाजंल बिचारी."

खरवस बाहेर आला. वरून तपकिरी, कडेनं बुडबुडे. उमाबाईंनी चमचाभर तोंडात टाकला.

"बरा हाय. पण वरून जळलाय."

"त्याला भाजलेला म्हणतात, आत्या."

"आमच्यात त्याला सासूचा जीव म्हणत्यात."

आम्ही तिघी हसलो. मंजुश्रीनं वाफाळता खरवस फुंकून फुंकून खाल्ला. दुपारच्या एसटीनं मी लातूरला परतले.

पुढच्या महिन्यात मंजुश्रीच्या अंगात कणकण आली. पाठ दुखायला लागली. हवा बदललीय, असं सगळ्यांना वाटलं. मग पोटातली हालचाल थांबली.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या. "कच्चं दूध घेतलं होतं?"

"नाही."

"न भाजलेलं पनीर, चीज?"

"नाही. खरवस खाल्ला, पण उकळी येईपर्यंत भाजून."

"मग त्याचा प्रश्न नाही."

उमाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "न्हाई, न्हाई. लई जपत होती." कुणीही खोटं बोललं नाही.

मुलगी होती. रडली नाही. श्रीशैल आणि एक चुलता तिला मातीत ठेवून आले.

तपासणीत जंतू सापडला. असा जंतू कच्च्या दुधातून येऊ शकतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नक्की कुठून आला ते मात्र सांगता येत नाही.

मंजुश्रीनं ओव्हन माळ्यावर टाकला. केक बंद केले. "मधे कुठंतरी कच्चा राहिला असंल," ती म्हणायची. "मी नीट बघितलं नाही." उमाबाई तिचं डोकं मांडीवर घेत. "तुझा काय दोष, पोरी? तू तर पेटीसमोरनं हलली न्हाईस." कित्येक महिने हे असंच चाललं. एकीनं स्वतःला बोल लावायचा, दुसरीनं तो पुसायचा.

पुढच्या वर्षी दुसरी म्हैस व्याली. मी गेले होते. दिवस मावळला. उमाबाई देवघरातून काशाची वाटी घेऊन आल्या.

"वर्षा, हात पुढं कर."

मी तळहात पुढं केला. दाट, गोड, किंचित आंबूस. मी प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला. मंजुश्री दारात उभी होती.

"आत्या, ह्याला विस्तव दाखवला?"

"देवाच्या वाट्याला?" उमाबाई हसल्या. "कधी दाखवत असत्यात का?"

"मला पण दिलेला. भुरीचा."

उमाबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"आपण दवाखान्यात नाही म्हणालो," मंजुश्री म्हणाली.

"ते खाणं कुठं हाय," उमाबाई म्हणाल्या. "ते तर परसाद."

मी माझ्या ओल्या तळहाताकडं बघत राहिले. उमाबाईंनी वाटी खाली ठेवली आणि त्या गोठ्यात गेल्या. रात्री जेवायला आल्या नाहीत.

मंजुश्रीनं त्यांना कधी दोष दिला नाही. त्यांनीही कधी माफी मागितली नाही. घरात पाणी तापवणं, भाकरी थापणं, धारा काढणं चालू राहिलं. एकदा भांडी घासताना उमाबाईंनी मला विचारलं, "वर्षा, त्यानंच झालं का गं?"

"तसं सांगता येत नाही, मावशी."

"म्हंजी न्हाईबी म्हणता येत न्हाई."

"नाही."

त्यांनी ती वाटी पुन्हा एकदा राखेनं घासली.

मंजुश्रीला परत दिवस गेले. ती चहासुद्धा दोनदा उकळून प्यायची. आठवा महिना लागला आणि त्याच सुमारास भुरी व्याली. श्रीशैलनं मला फोन केला. "तू येतीस का? दोघी एकमेकींशी बोलून नाही राहिल्या."

मी सकाळीच पोचले. उमाबाईंनी पहिला चीक काशाच्या वाटीत काढून ठेवला होता. गूळ घातला होता. पण वाटी देवघरात नव्हती. ती ओट्यावर होती, आणि उमाबाई स्टुलावर चढून माळ्यावरून काहीतरी ओढत होत्या. श्रीशैल धावला. ओव्हन होता.

"आई, काय करून राहिलीस?"

"पुसून दे मला हे."

मंजुश्री म्हणाली, "आत्या, मी घेणार नाही म्हणून सांगितलंय ना? तुम्ही देवाला ठेवा नेहमीसारखं. माझ्या वाटणीचं नको."

"जे पोरीला चालत न्हाई," उमाबाई म्हणाल्या, "ते देवाला कोणत्या तोंडानं ठेवू?"

"आणि भुरीची कास?" श्रीशैलनं विचारलं. तो कुत्सितपणे नव्हता विचारत. तो त्याच घरात वाढला होता.

उमाबाईंचा हात वाटीवर थबकला. "जळू दे," त्या म्हणाल्या. आवाज फार बारीक झाला होता.

मंजुश्रीनं ओव्हन लावून दिला. उमाबाई काचेसमोर पाटावर बसल्या आणि मधून उठल्या नाहीत. कडेला बुडबुडे आले तेव्हा मी म्हटलं, झालं वाटतं. "कडेला न्हाई," त्या म्हणाल्या. "मधी." मधे उकळी फुटली. तरीही त्या थोडा वेळ थांबल्या. मग पदरानं वाटी धरून देवापुढं नेली. यावेळी दिवस मावळायची वाट पाहिली नाही. नैवेद्य दाखवला आणि लगेच वळल्या.

मंजुश्रीपुढं चमचा धरून त्या म्हणाल्या, "नको वाटलं तर नको."

मंजुश्रीनं चमच्यावरच्या वाफेकडं पाहिलं. मग उमाबाईंकडं. तिनं तोंड उघडलं.

पुढच्या महिन्यात शिवांश झाला. जन्मताच इतका रडला की नर्स हसली. पण मला सारखी आठवते ती त्याआधीची, खरवसाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

उजाडायच्या आधी उमाबाई बादली घेऊन गोठ्यात गेल्या. मी दारात थांबले. रेडकाला त्यांनी दोन घोट पाजून बाजूला बांधलं. भुरीच्या कासेवरून पाण्याचा हात फिरवला. मग हात तिथंच ठेवून बसल्या. बराच वेळ. मग त्यांनी आचळ ओढलं.

पिवळी दाट धार बादलीत पडली. दुसरी पडली. नेहमीसारखीच. भुरी रवंथ करत उभी होती.

उमाबाईंनी कपाळ तिच्या कुशीला टेकवलं.

"एवढंच होतं तर," त्या म्हणाल्या.

हात चालू होते, धार पडत होती.