इजेचे फोटो काढनारा फुलचंद

येत्या रविवारी विहारात माह्या भावाचं, फुलचंदचं, पुन्यानुमोदन हाये. वर्ष झालं त्याले जाऊन. मंडळी म्हनली, लीलाबाई, तुमी त्याची जुळी बहीन, दोन शब्द बोला. मले उभं राहून बोलता येत नाही. चौथी शिकली मी. म्हनून मोबाईलवर लिहून राह्यली. माही पोरगी रुपाली वाचून दाखवन. रुपालीले बी यातलं अर्धं माहीत नाही.

फुलचंदले तुमी सारे ओळखता. दिग्रसले बस स्टँडच्या मांगं त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढे, शाळेतल्या पोरायचे काढे. आन मिरगाच्या आंधी नाहीतर दसऱ्याच्या टायमाले आभाळ भरून आलं का शटर ओढून लुनावर आपल्या गावच्या टेकडीकडं पळे. इजेचे फोटो काढाले. लोक हासत. इज पाहून सारी दुनिया घरात घुसते, हा बुवा बाहेर निंगते.

आन तुमाले हे बी माहीत हाये का तो पायाळू होता. म्हंजे आईच्या पोटातून पाय पहिले बाहेर आलते. पायाळूवर इज पडते म्हनते लोक. आपून धम्म घेतला, देव सोडले, पन पायाळू काही कोनी सोडला नाही. लहानपनी गडगडलं का पोरं त्याले आपल्याजवळून हाकलत. कोन्या घरच्या ओट्यावर उभा राह्यला तर आतून आवाज ये, "ए फुल्या, तिकडं जाय बापा, आमच्या लेकराईवर पाडशीन." मी त्याच ओट्यावर उभी राहो. मले कोनी काही म्हने नाही.

आन चमक भरली का मंग हाच पायाळू लागे. पायाळूनं कमरीले लात मारली का चमक जाते ना! दिवस निंगाच्या आत दारात लोक उभे. एक डाव मास्तरच आले, कमरीत वाकून. फुलचंद झोपेतून उठला आन म्हने, "गुरुजी, साधी मारू का शाळेतल्या छड्या धरून मारू?" मास्तरले हासता येईना, दुखे ना!

मले गावातच देलं, त्याचं लगन नाही जमलं. एक सोयरीक आलती दारव्ह्याकडची. पोरीचा बाप म्हने, पोरगं चांगलं हाये, पन पावसाळ्याचे चार महिने माह्या पोरीनं जीव मुठीत धरून राहाचं का? ते मोडलं. मंग त्यानं कोनाले पाहूच नाही देलं.

इजेचं खूळ कवा लागलं थे सांगतो. कापसाचे थे वाईट सालं होते. लगनं कमी झालते, झाले तरी फोटो कोन काढते. त्याले बोलावनं ये थे पंचनाम्याचं. कोनी वावरात औषद पेलं, का चाल फोटोवाल्या. तो जाये, काढे, घरी येऊन जेवे नाही. एक दिवस मी म्हनली, "सोड ना रे हे इजेचं, मरशीन." तर म्हने, "लिले, मेलेल्याईचे तोंडं पाहून डोळे काळे झाले माहे. इज पाह्यली का धुतल्यावानी वाटते."

पन तो येडा नोहता. इज चमकली का मोजे. एक, दोन, तीन. पाच मोजाच्या आत कडाडली का सामान खताच्या पिवशीत गुंडाळून खाली उतरे. कॅमेऱ्याचं बटन दाबून उघडाच ठेवाचा, इज पडली का बोट सोडाचं. छत्तीस फोटोच्या रीळात एखांदी इज सापडे. बाकी सारं काळं.

आता जे लिहाचं थे लिहितो.

दोन हजार पाचच्या जानेवारीत आई गेली. जाच्या दोन दिवस आंधी तिनं मले जवळ बोलावलं. फुलचंद बी होता बाजीवर बसून. आई म्हने, "लिले, पायाळू तो नाही. पायाळू तू हायेस. तो डोक्याकूनच आलता. सुईनीच्या तोंडातून गावात गेलं का जुळ्यातलं एक पायाकून आलं. कोन म्हनून इचारलं तं मी पोराचं नाव सांगतलं. पोरीची सोयरीक कोन करते वं मंग?" मी फुलचंदकडं पाह्यलं. तो आईचे पाय दाबून राह्यलता, म्हने, "मले ठाऊक हाये. मिसरूड फुटलं तवाच सांगतलं आईनं."

म्हंजे वीस वर्षं त्याले ठाऊक होतं. तरी एक डाव बी माह्याकडं बोट नाही केलं.

त्याच साली दसऱ्याच्या पहिले आमी बाया गावच्या टेकडीखालच्या वावरात कापूस वेचत होतो. दिवस बुडाले आलता. एकाएकी आभाळ फाटल्यावानी झालं. आमी कमरीच्या ओटीतला कापूस तसाच बांधून गुरायच्या कोठ्यात घुसलो, वरून टिनं होते. आठ जनी. तेवढ्यात टेकडीकून फुलचंद पळत आला, अंगावरून पानी गळे, पिवशी छातीशी धरून. त्यानं मोजलं असन आन पाचाच्या आत कडाडली असन. म्हनून उतरला, दुसरं काय.

रुखमाकाकूनं आडवा हात केला. "फुलचंद, आत नोको येऊ बापा! आमी लेकरबाळाच्या बाया हावो." थेच रुखमाकाकू, जिची कमर त्याच दिवशी सकाळी त्यानं लात मारून सरळ केलती. बाकीच्या बी वरडू लागल्या, "बाहेर! बाहेर!"

तो मधात नाही आला. दारात उभा राहून त्यानं फक्त माह्याकडं पाह्यलं. मी सगळ्यात मांगं, भिंतीले टेकून बसलती, कोरडी. एक शब्द बोलाचा होता मले. "काकू, मी हावो थे, मले काढा." रुपालीले पाहाले पुसदचे पाव्हने येनार होते दुसऱ्याच आठवड्यात. मायचं असं हाये म्हटल्यावर पोरीले कोन पाहीन, हेच डोक्यात. मी म्हनली, "जाय ना भाऊ. बाया भेऊन राह्यल्या."

तो हासला. "जातो वो बाई," म्हने. आन गेला. वावराच्या धुऱ्याजवळ, बांधाखाली खोलगट जागा पाहून पाय जवळ घेऊन उकिडवा बसला, डोकं गुडघ्यात. पानी असं का दिसे ना नीट. मंग पाह्यलं तर त्यानं बांधाच्या मातीवर पिवशी ठेवून त्यात कॅमेरा मांडलता, एक बोट बटनावर, कॅमेऱ्याचं तोंड आमच्याकडं. मले वाटलं, कोठ्यात बसलेल्या बायाईचा फोटो काढून काय करते हा.

मंग इज पडली. कोठ्याच्या मांगं, वीस पावलावर, कडूनिंबावर. टिनं हालले. बाया एकमेकींच्या गळ्यात. लीलाबाई कोनाच्या गळ्यात नोहती. मी भिंतीले पाठ लावून होती आन पाठीतून गरम गेल्यावानी वाटलं, तरी मले काही झालं नाही. वावरात उघड्यावर बसलेल्या फुलचंदले बी काही झालं नाही. नीम तेवढा उभा फाटला.

बाहेर आल्यावर रुखमाकाकू म्हने, "पाह्यलं? बाहेर काढला म्हनून वाचलो." साऱ्याईनं मान डोलावली. मी बी डोलावली.

आठ दिवसानं तो घरी आला फोटो घेऊन. मोठा केलता. कोठा, दार, दारात बायाईचे तोंडं, आन मांगून पांढरी इज, निमाच्या मुळापर्यंत उतरलेली. अंधारात एक तोंड बारीक दिसे, थे माहं. म्हने, "पाह्य लिले. खरी पायाळू आत, इज तुह्या पाठीमांगं आली, तरी तिनं तुले हात नाही लावला. हा पुराव्याचा कागद हाये. पन तू बोलल्याबिगर याचा काही उपेग नाही." मंग म्हने, "एक डाव सांगजो लोकायले. मी म्हातारा व्हाच्या आंधी. मले एखांद्या पावसात लोकायमधात बसाचं हाये."

मी म्हनली, रुपालीचं लगन होऊ दे. लगन झालं. मंग म्हनली, तिचं पहिलं बाळंतपन होऊ दे, सासरचे काही म्हनतीन. मंग त्यानंच इचारनं सोडलं. स्टुडिओतून घरी ये, माह्या नातीचे फोटो काढे, चहा पेये. गडगडलं का आपनच उठून अंगनात जाये. मी "बैस" नाही म्हनली.

मांगच्या भाद्रपदात काविळीनं गेला. सरनावर ठेवला आन पश्चिमेकून काळं आलं. आठवते ना तुमाले? लोक लांब जाऊन झाडाखाली उभे राह्यले. कोनीतरी म्हने, "लवकर उरका, पायाळू हाये." मेलेल्या मानसाजवळ चार जन नोहते. मी होती. तवा बी माह्या तोंडातून निंगालं नाही.

म्हनून आता लिहून राह्यली. फुलचंद पायाळू नोहता. मी हावो. ज्याईच्या कमरा त्याच्या पायानं बऱ्या झाल्या त्याईनं इचार करावा, कायनं झाल्या. रुखमाकाकू, तुमी बी.

रुपाली, वाचता वाचता थांबू नोको. थो कोठ्याचा फोटो सगळ्याले फिरवून दाखव. तुह्या सासरचे समोर बसले असतीन, त्याईले बी.

यंदाच्या उरल्या पावसात मी बाहेर उभी नाही राहनार. मनात लय येते का जाऊन उभं राहावं त्या धुऱ्याजवळ, पन फुलचंदच म्हने, इज कोनाची ओळख पाहत नाही, छताखाली बसाचं. मी कोठ्यातच बसन, तुमच्या मधात. पन पायाळू म्हनून पहिले माहं नाव सांगन, आन मंग बसन. तुमाले उठाचं असन तर उठा.